चार पाईपांवरचं पाणी

सोनईच्या बाजारात ‘एलिया साळवे’ म्हणून विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. ‘हापशावाला एलिया’ म्हणा, टपरीवाला हातातली किटली खाली ठेवून वाट सांगेल. एकतीस वर्षं हा माणूस नेवाशापासून जामखेडपर्यंत हापसे दुरुस्त करत हिंडला. आधी सायकलवर, मग लुनावर, आता एका खटारा मोटरसायकलवर. मागे पान्यांची लोखंडी पेटी. गावोगाव नळयोजना आल्या आणि बंदही पडल्या. बंद पडल्या की लोकांना पुन्हा हापसा आठवे, आणि हापसा आठवला की एलिया. ‘नळ सरकारचा, हापसा गावाचा,’ असं म्हणून तो तंबाखू मळायला घ्यायचा. त्या तंबाखूवरून चर्चचे पाळकसाहेब त्याच्यावर दर रविवारी रागवायचे.

दोन हजार तेवीसच्या डिसेंबरात, कापणीच्या सणाला, त्याच चर्चच्या फाटकावर एलियाचा बॅनर लागला. दहा फूट बाय सहा. बॅनरवर एलिया उकिडवा बसलेला, ओंजळीत पाणी, आणि ओंजळीला तोंड लावून चार-पाच वर्षांची एक मुलगी पाणी पितेय. वर ‘मलावी सेवाकार्य’, आणि खाली तहानेल्याला पाणी पाजण्याबद्दलचं शास्त्रातलं वचन.

मुलीचं नाव चिसोमो. बॅनर लागला तेव्हा तिला जाऊन सात महिने झाले होते. ती कशाने गेली ते एलियाला ठाऊक होतं, तिच्या आईला नव्हतं. आईला वाटत होतं, पोर आपल्याच हातून मेली. त्या बाईला सांगायचं एक वाक्य एलियाकडे राहून गेलं होतं. बाई समुद्रापलीकडे, आणि सांगायची हिंमत त्याहून लांब.

हे सगळं सुरू झालं चांगल्या मनाने, हे आधी सांगून टाकतो. मार्चमध्ये आफ्रिकेतल्या मलावी देशात चक्रीवादळ झालं. देश मुळातच गरीब. डोंगर खाली आले, नद्या घरांतून वाहिल्या. कॉलऱ्याची साथ तिथे आधीपासून होतीच. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो यांच्याकडे पुरात आला. पाळक जॉन गायकवाड ईस्टरच्या उपासनेत म्हणाले, “आपल्या पणज्यांच्या पोटात दुष्काळात मिशनची पेज गेली म्हणून आज आपण इथं बसलोय. आता आपली पाळी.” बोलणं खरं होतं. बायांनी कांदे विकून आलेले पैसे थाळीत टाकले. सहा जणांचं पथक ठरलं: पाळकसाहेब, मिशनच्या दवाखान्यातली सिस्टर आराधना, औषधं वाहायला तिघे, आणि हापसे दुरुस्त करायला एलिया.

पंचावन्नाव्या वर्षी एलियाचा पासपोर्ट निघाला. बायको मरिया फोटो बघून म्हणाली, “ह्यात तुमी चोरावानी दिसता.” तिने शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. निघायच्या आधी सिस्टर आराधनाने सगळ्यांना इंजेक्शनं टोचली आणि वर दोनदा कसलंसं पातळ औषध पाजलं. एलियाने तोंड वेडंवाकडं करून ते गिळलं आणि काय होतं ते विचारलंही नाही.

पोचल्यावर पहिले दोन दिवस त्याला काही सुचेना. घरांच्या भिंती वाहून गेलेल्या आणि दाराच्या चौकटी तेवढ्या उभ्या. मक्याची शेतं वाळूखाली. एका झाडावर, माणसाच्या डोक्याच्या वर, बकरीचं कातडं अडकलेलं. एलियाने आयुष्यभर पाण्याविना मेलेली गुरं पाहिली होती. पाण्याने मेलेलं गाव तो पहिल्यांदा बघत होता.

पहिल्याच संध्याकाळी आराधनाने सगळ्यांना बसवून सांगितलं, “पुराचं पाणी बोअरमध्ये शिरलंय. हापसा चालू झाला की आधी क्लोरीन टाकायचं. रात्रभर बंद ठेवायचा. मग सगळं पाणी उपसायचं आणि माझ्या बाटलीत तपासायचं. बाटलीतलं पाणी दोन दिवस तसंच राहिलं तर लोकांनी प्यायचं, काळं पडलं तर नाही. एलियामामा, कळलं का?”

“कळलं की, सिस्टर,” एलिया म्हणाला आणि मान हलवली. मान हलवायला काय लागतं!

मंगळवारी तो ज्या गावात गेला तिथं आराधना नव्हती. ती नदीपलीकडच्या छावणीत होती. गावात चाळीस-पन्नास माणसं हापशाभोवती रिकाम्या बादल्या घेऊन बसलेली. हापसा निघाला आपल्याच धाटणीचा, भारतातूनच गेलेला. एलियाला सासुरवाडीला ओळखीचं कुणी भेटावं तसं झालं. त्याने दांडा सोडवला, साखळी काढली आणि पाईप वर ओढायला घेतले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. चौथ्यालाच तळाचा सिलिंडर हातात आला.

जामखेडकडे अठरा पाईप उपसावे लागतात, दहा दहा फुटांचे. उपसताना खांदे निखळतात, आणि तळाशी पाणी सापडेल याची खात्री नसते. पाईप जितके कमी तितकं गाव नशीबवान, हा आपल्याकडचा हिशेब. एलिया वेड्यासारखा हसायला लागला.

“पाळकसाहेब, चार! निस्त्या चार पाईपावर पानी! आमच्याकडं आसतं तर लोकांनी हलगी लावली आसती.”

आता पाणी वर म्हणजे घाणही जवळच, हे पुराच्या मुलखातलं शेंबडं पोरही जाणतं. दुष्काळी माणसाला ते कोण शिकवणार? त्याच्या लेखी जमिनीतून आलेलं पाणी म्हणजे देवाच्या घरचं पाणी. हापशापासून वीस पावलांवर, जरा चढाला, पुराने उघडा पडलेला संडासाचा खड्डा होता. एलियाने तो पाहिला होता. नाकाला उपरणं लावून तो त्याच्याच कडेने गेला होता. तरीही चार पाईपांचा आनंद त्या वासाहून मोठा ठरला.

त्याने वायसर बदलली, पाईप परत सोडले, दांडा मारला. आधी गढूळ आलं, मग पांढरं, मग एकदम नितळ आणि गार. लोक ओरडले. बाया जीभ हलवून आनंदाचा आवाज काढायला लागल्या. क्लोरीनचा डबा जीपमध्ये होता. संध्याकाळी टाकू, एलिया मनात म्हणाला, एवढी तहानलेली माणसं आहेत.

आणि मग त्याने तेच केलं जे तो एकतीस वर्षं करत आला होता. त्याचा उस्ताद श्रीमंत मिस्त्री याची रीत होती: पहिली ओंजळ मिस्त्रीने स्वतः प्यायची, कामाची जबाबदारी म्हणून. दुसरी ओंजळ तिथं उभं असलेल्या सगळ्यांत लहान लेकराला द्यायची. त्यानंतर बादल्या. गावोगावच्या बाया मग हापशाला हळदकुंकू वाहायच्या, एलिया मनातल्या मनात आपली प्रार्थना म्हणायचा, आणि कुणाचं काही बिघडायचं नाही. त्या दिवशीही तो स्वतः प्यायला. पाणी गोड होतं. मग त्याने नजर फिरवली. पुढे एक लहान मुलगी उभी होती, तिला बोलावलं. ती आईकडे बघून हसली आणि आली. तिने एलियाच्या दोन्ही मनगटांना धरलं आणि गटागटा प्यायली. पाळकसाहेबांनी मोबाईलवर फोटो काढला.

नंतर लोकांनी बादल्या भरल्या, त्या रात्रीपर्यंत. क्लोरीनचा डबा जीपमध्येच राहिला.

बुधवारी संध्याकाळी आराधना आली. चालू हापसा आणि भरलेल्या बादल्या बघून ती जागच्या जागी थांबली. “मामा, क्लोरीन टाकलंत?” एलिया जीपकडे बघायला लागला. तिने तपासणीच्या दोन बाटल्या भरल्या आणि हापसा बंद करायला लावला. पाळकसाहेबांनी स्टीफनमार्फत लोकांना सांगितलं की दुरुस्तीचं थोडं काम बाकी आहे. स्टीफन म्हणजे तिथला शाळामास्तर. इंग्रजीतून लोकांच्या भाषेत सांगायचा. एलियाला इंग्रजीही येत नव्हतं.

गुरुवारी रात्री चिसोमोला उलट्या-जुलाब सुरू झाले. रस्ता वाहून गेलेला, दवाखाना नऊ मैलांवर. शुक्रवारी दुपारी आईच्या पाठीवरच, वाटेत, ती गेली. त्याच आठवड्यात एक म्हातारा गेला आणि अकरा जण आजारी पडले. शुक्रवारी सकाळी आराधनाच्या दोन्ही बाटल्यांमधलं पाणी काळं झालं होतं, डांबरासारखं.

तिने त्यातली एक बाटली एलियाच्या हातात दिली. रागावली नाही, हेच त्याला जास्त लागलं. त्याने विचारलं, “मी बी तेच पानी पेलो ना सिस्टर? मंग मला कसं काय न्हाई झालं?”

“निघायच्या आधी मी दोनदा औषध पाजलं होतं, आठवतंय? ती कॉलऱ्याची लस होती, मामा.”

पुढे सोनईत लोक म्हणणार होते, ‘देव तारी त्याला कोण मारी.’ ते ऐकलं की एलिया उठून जायचा. त्याने पहिली ओंजळ जबाबदारी म्हणून प्यायली होती, आणि ती जबाबदारी खोटी होती. तो पक्क्या घरात उभा राहून पावसाची परीक्षा घेत होता.

त्या रात्री एलिया पाळकसाहेबांकडे गेला. म्हणाला, “त्या बाईला सांगतो मी. तुमी इंग्रजीत सांगा, मास्तर तिला सांगंल.”

पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. दिवसभर ते म्हाताऱ्याच्या मयताला खांदा देऊन आले होते, चपलांना चिखल तसाच होता. ते म्हणाले, “एलिया, साथ इथं आधीपासून होती. आपल्याच पाण्याने झालं हे छातीवर हात ठेवून कोण सांगणार? आणि लोकांना कळलं तर ते हापशाकडे फिरकायचे नाहीत, परत नदीचं पाणी पितील, अजून मरतील. स्टीफनला इथंच राहायचंय, त्याला लोक काय करतील? झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण हापसा नीट करून जाऊ.”

एलियाला हे ऐकून हायसं वाटलं. पुढच्या सात महिन्यांत त्याने स्वतःला माफ करायची पुष्कळ कारणं शोधली, पण त्या क्षणी आपल्याला हायसं वाटलं, हे काही तो विसरू शकला नाही.

पुढचे सहा दिवस तो त्या एकाच हापशावर राबला. खड्डा बुजवला, ओटा फोडून नवा केला, तीनदा क्लोरीन टाकून तीनदा बोअर उपसला. शेवटची बाटली दोन दिवस नितळ राहिली, तेव्हाच त्याने बादल्या पुढे येऊ दिल्या. त्या दिवशी त्याने ओंजळ कुणालाच दिली नाही.

निघायच्या सकाळी चिसोमोची आई जीपपाशी आली. तिचं नाव एस्नात. कपड्याच्या गाठोड्यात शेरभर शेंगदाणे होते, पुरातून काय वाचलं असेल त्यातले. ती एलियाकडे बघून बराच वेळ बोलली. स्टीफनने इंग्रजीत सांगितलं, पाळकसाहेबांनी मराठीत.

“ती म्हणतेय, तुम्ही परदेशातून येऊन तिच्या मुलीला सगळ्यांच्या आधी पाणी दिलंत. तिचा मान केलात. ते ती विसरणार नाही.” पाळकसाहेब थांबले. स्टीफन अजून बोलत होता. “आणि म्हणतेय... बुधवारी ती कपडे धुवायला नदीवर गेली होती. मुलगी तिथं पाणी प्यायली. सिस्टरने नको सांगितलं होतं, तरी हिने अडवलं नाही. म्हणतेय, तुम्ही चांगलं पाणी दिलं आणि मी तिला नदीचं पाजून मारलं.”

एलियाने पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून. सिस्टर आराधना जीपमध्ये पलीकडे तोंड करून बसली होती. एलियाने दोन्ही हात पुढे केले, ज्या हातांनी पाणी दिलं होतं तेच, आणि गाठोडं घेतलं.

घरी आल्यावर मरियाने ते शेंगदाणे भाजायला काढले तर तो एवढा ओरडला की शेजारी बाहेर आले. गाठोडं त्याने पान्यांच्या पेटीत ठेवलं, काळ्या बाटलीशेजारी. त्या पावसाळ्यात शेंगदाण्यांना किडा लागला, तरी टाकले नाहीत.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. एलिया हापसा दुरुस्त केला की त्याला साखळी घालून कुलूप लावायला लागला. दोन दिवस समोर बसून राहायचा. जामखेडच्या एका वस्तीवर बाया कळश्या घेऊन अंगावर धावून आल्या. बनुबाई नावाची एक म्हातारी म्हणाली, “आरं मुडद्या, आठ दिस झालं टँकर न्हाई, आन् तू पान्याला कुलूप लावतुस? येडा झाला का काय?” एलिया म्हणाला, “व्हय मावशे, झालोय.” आणि बसून राहिला. ठेकेदाराने मग त्याला कामं देणं कमी केलं.

डिसेंबरात कापणीचा सण आला. लोकांनी ज्वारीची ताटं, ऊस, भोपळे वेदीपाशी आणून ठेवले. पुढच्या वर्षी दुसरं पथक जायचं होतं, म्हणून पाळकसाहेबांनी लोकांपुढे आपला अनुभव सांगायची एलियाची साक्ष ठेवली होती आणि बॅनर छापला होता. एलियाला बॅनरचं कुणी विचारलं नव्हतं. फाटकातून आत येताना त्याने चिसोमोला बघितलं, माणसाहून मोठी, त्याच्या ओंजळीत तोंड घातलेली. 

त्याला पुढे बोलावलं. टाळ्या झाल्या. त्याने खिशातून काळी बाटली काढली आणि वेदीवरच्या भोपळ्याशेजारी ठेवली.

“ह्या फोटूतलं पानी हे हाय,” तो म्हणाला. “सिस्टरनी सांगितल्तं, पाजू नका. मी पाजलं. ती पोर तीन दिसांनी गेली. बॅनर काढा तेवढा.”

 पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. मग, आपल्याकडे जे होतं तेच झालं. कुणी म्हणालं, मुद्दाम थोडंच केलं. कुणी म्हणालं, देवाची इच्छा. तरुण संघातल्या दोघांनी बॅनर उतरवला. एक बाई रडत येऊन एलियाला म्हणाली, किती मोठं मन तुमचं, सगळ्यांसमोर कबूल केलंत. एलियाला क्षणभर वाटलं, सुटलो. त्याने तसा श्वासही सोडला.

पहिल्या बाकावर रंगुबाई बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्याने दिसत नाही. तिने काठी जमिनीवर आपटली.

“आमाला कशाला सांगतुस, एलिया? तिच्या आईला सांगितलं का?”

एलिया बाटली उचलायला वळला.

“न्हाई सांगितलं. मंग हे काय हाय?” रंगुबाईने काठीने बाटली दाखवली. “बहात्तरच्या दुष्काळात माझा ल्योक दानी गेला. मी त्येला आदल्या दिशी आंबलेल्या कण्या दिल्त्या. पन्नास वर्सं झाली, मला वाटतं मीच मारलं. कुनास ठावं कशानं गेला. पर कुनाला ठावं आसतं, आन् त्यो मला न सांगता हितं देवापुढं सांगून मोकळा झाला आसता, तर मी त्याच्या तोंडावर थुकले आसते.”

पाळकसाहेबांनी आशीर्वाद देऊन उपासना संपवली. नंतर ते एलियाजवळ आले आणि स्टीफनचा नंबर स्वतः लिहून दिला. 

दुपारी चारला, म्हणजे तिकडच्या साडेबाराला, आराधनाने दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यातून फोन लावला. स्टीफन चर्चमधून नुकताच बाहेर पडला होता. त्याने एस्नातला बोलवून आणलं. आराधनाने मोबाईल बाकावर ठेवून आवाज मोठा केला.

“सांगा मामा. मी आहे. मीही गप्प बसले होते.”

एलियाने डोक्यावरची टोपी काढली. सात महिने घोकलेलं वाक्य त्याने एका दमात सांगितलं. “बाई, मी हापशावाला. तुझी लेक नदीच्या पान्यानं न्हाई गेली. मी पाजलेल्या पान्यानं गेली. त्यात घान हुती, मला सांगितल्तं, मी ऐकलं न्हाई. तुझी काय बी चूक न्हाई.”

आराधनाने ते इंग्रजीत सांगितलं.  पलीकडे स्टीफन हळू आवाजात त्यांच्या भाषेत बोलायला लागला. तो थांबला. बाईने काहीतरी छोटंसं विचारलं. पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आवाज फाटला.

“ती विचारतेय,” आराधना म्हणाली, “मग ते नदीचं पाणी नव्हतं? मी नव्हते?”

“न्हाई. तू नव्हतीस,” एलिया म्हणाला. “सांगा सिस्टर, तू नव्हतीस म्हनावं.”

ते तिकडे पोचलं. मग एका बाईचं रडणं ऐकू आलं, आणि तिच्याभोवती जमलेल्या आणखी बायांचं. एलिया खाली बसला होता, फोनकडे तोंड करून. त्याला वाटलं, आता शिव्या येतील. आल्या असत्या तर बरं झालं असतं. बऱ्याच वेळाने रडणं थांबलं आणि एस्नात स्पष्ट, सावकाश काहीतरी बोलली. स्टीफनने सांगितलं. आराधनाने ऐकलं आणि ओठ मिटून घेतले.

“काय म्हनली?”

“मामा...”

“जे हाय ते सांगा.”

“ती विचारतेय, एवढं सांगायला तुम्हाला सात महिने का लागले?”

एलिया फोनच्या आणखी जवळ सरकला.  तिकडे बायांचे आवाज येत होते, मागे कुणीतरी हापसा मारत होतं, त्याचा लोखंडी ठोका त्याने ओळखला. फोन कुणीच ठेवला नाही.